अर्धा डोंगर तिकिटावर

घाटकोपरच्या फलाटावर लोकलची वाट बघणारा माणूस समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर उभा असतो. त्याला कळसूबाईला जायचं आहे. कळसूबाई म्हणजे 1646 मीटर, फुटांत 5400, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा. आकडा ऐकून छाती दडपते. पण हाच माणूस लोकल, घाटातली गाडी आणि एसटी असा गेला, तर पायथ्याच्या बारी गावात उतरेपर्यंत निम्मी उंची त्याने बसल्या जागी गाठलेली असते. पायांच्या वाट्याला उरतात साधारण साडेआठशे मीटर. तेही कमी नाहीत, पण 1646 च्या धास्तीपेक्षा खूपच कमी.

डोंगराच्या प्रवासाचा हिशोब आपण किलोमीटरमध्ये आणि तासांमध्ये करतो. तो उंचीच्या मीटरमध्ये करून बघावा. कुठलं वाहन आपल्यासाठी किती मीटर चढतं आणि आपल्याला कुठे सोडतं, हे एकदा कळलं की कुठला डोंगर एका दिवसाचा, कुठला मुक्कामाचा आणि कुठे आजीलाही नेता येईल, याचं उत्तर आपोआप मिळतं.

आधी घरापासून कसाऱ्यापर्यंत. घाटकोपरकरांची सोय चांगली, कसाऱ्याची जलद लोकल तिथे थांबते. मुलुंडकरांनी स्लो गाडीने पुढचं ठाणं गाठावं आणि तिथून कसारा पकडावी. अंधेरीकरांसाठी 2014 च्या जूनमध्ये चित्र बदललं. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर यायला पाठीवर सॅक घेऊन दादरचा पूल ओलांडायची गरज उरली नाही. मात्र पहाटेच्या अगदी पहिल्या गाडीला मेट्रो उपयोगी पडेलच असं नाही, तेव्हा दादरच खरं. बोरिवलीकरांची गोष्ट थोडी विचित्र आहे. नकाशावर बोरिवली आणि ठाणे शेजारी आहेत, मधे आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. डोंगराला जायचं म्हणून घराबाहेर पडायचं आणि पहिला वळसा डोंगरालाच घालायचा, घोडबंदर रस्त्याने ठाण्याला किंवा लोकलने दादरमार्गे. हा शेजारचा डोंगर पाचशे मीटरही भरत नाही, पण अडवतो पुरता.

लोकल कसाऱ्यालाच का थांबते, याचं उत्तर भूगोलात आहे. कसारा सुमारे तीनशे मीटरवर, घाटाच्या पायाशी आहे. रेल्वे इथे 1861 मध्ये आली. पुढचा थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचायला आणखी चार वर्षं लागली, 1 जानेवारी 1865 पर्यंत. अंतर सुमारे 15 किलोमीटर आणि चढ जवळजवळ तीनशे मीटर. रेल्वेच्या भाषेत हा 37 ला 1 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण फार कमी असतं. सपाटीवर हीच गोष्ट रेल्वेची ताकद असते आणि घाटात तीच तिचा दुबळेपणा ठरते. म्हणून कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. इगतपुरीला ती सुटतात. 2023 च्या फेब्रुवारीत मुंबई-शिर्डी वंदे भारत आली तेव्हा तिचं कौतुक याचसाठी झालं की ती बँकरशिवाय घाट चढते. तिच्या बऱ्याच डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत, त्यामुळे ओढायचं काम एकाच टोकावर पडत नाही.

म्हणजे पंचवटी एक्स्प्रेससारखी गाडी इगतपुरीपर्यंत सहाशे मीटर चढवते, लोकल तीनशे. उरलेले तीनशे लोकलवाल्यांना कसारा स्टेशनाबाहेरच्या जीप मिळवून देतात. पहाटेची गाडी फलाटाला लागायच्या आतच पुलाच्या पायथ्याशी आरोळ्या सुरू होतात, ‘नाशिक, नाशिक, एक सीट’. एक सीट ही नेहमीच बाकी असते. गाडीत नऊ माणसं बसली तरी एक बाकी असते. या जीप नाशिकच्या रस्त्याने घाट चढतात. आपल्याला घोटीला उतरायचं असतं, हे चढण्याआधी ड्रायव्हरला स्पष्ट सांगावं आणि भाडंही तेव्हाच ठरवावं. सात-आठ जणांचा गट असेल तर जीप थेट बारीपर्यंत ठरवता येते. मग माणशी खर्च फारसा वाढत नाही आणि घोटीला थांबायचा वेळ वाचतो.

घोटीहून एसटी. भंडारदरा, राजूर, अकोल्याच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या बारीवरून जातात. मुंबईचे ट्रेकर नेहमी अडखळतात ते याच टप्प्यावर, कारण त्यांना एसटीचं वेळापत्रक उलटं वाटतं. ते उलटं नाहीच, ते गावाच्या बाजूने लिहिलेलं आहे. सकाळी गावातल्या माणसाला तालुक्याला, कॉलेजला, बाजाराला, दवाखान्यात जायचं असतं. संध्याकाळी त्याला घरी परतायचं असतं. म्हणून सकाळच्या गाड्या डोंगराकडून शहराकडे भरून येतात आणि संध्याकाळच्या शहराकडून डोंगराकडे. ट्रेकरला हवं असतं बरोब्बर याच्या विरुद्ध. आतल्या गावांत तर दिवसातली मुख्य गाडी म्हणजे मुक्कामी गाडी. ती अंधार पडता येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते.

यातून एक सोपी युक्ती निघते. शनिवारी दुपारी घर सोडावं, गावकऱ्यांबरोबर संध्याकाळच्या गाडीने गावात पोहोचावं, बारीत कुणाच्या घरी जेवून मुक्काम करावा (गावात आता अशी सोय सहज होते), पहाटे डोंगर चढावा आणि दुपारच्या आत खाली यावं. मग वेळापत्रक आपल्या बाजूने वागतं. जुन्या गिर्यारोहकांची दुसरी पद्धत, रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडून पहाटेच्या आधीच स्टेशनात उतरायचं आणि उजाडेपर्यंत फलाटावर पथारी टाकायची. तरुणपणी ती ठीक. चाळिशीनंतर झोप मोडून साडेआठशे मीटर चढणं हा शहाणपणा नव्हे.

चढ सरळ आहे. बारीची शेतं आणि ओढा मागे टाकला की वाट चढू लागते. दगडी पायऱ्या, मग कातळ, आणि कातळ जिथे अगदी उभा होतो तिथे लोखंडी शिड्या. शिड्या येण्यापूर्वी लोक साखळ्या धरून चढायचे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या शिड्यांवर रांग लागते. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात. ओली पायरी, पाठीवरची सॅक अडकलेली, खालून कोणीतरी ‘चला, चला’ म्हणत असतं. वेळ सगळ्यात जास्त जातो तो इथे, चढण्यात नव्हे. माथ्यावर कळसूबाईचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतले लोक, बायाबापड्या, पोरंटोरं, हा डोंगर चपला घालून किंवा अनवाणी चढतात. त्यांच्यासाठी तो ट्रेक नसतो, देवीला जाणं असतं. हवा स्वच्छ असेल तर खाली भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचं हे पाणी.

कळसूबाईला रोपवे नाही. रोपवेने उंची कशी गाठली जाते हे बघायचं तर दक्षिणेला, रायगडावर जावं लागतं.

रायगडाची उंची सुमारे 820 मीटर, कळसूबाईच्या निम्मी. पण पायथ्याचं महाड कोकणात, जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे आयती मिळालेली उंची काहीच नाही. महाडहून पाचाडपर्यंतचा घाटरस्ता पहिला निम्मा चढ पार पाडतो. दुसरा निम्मा पायऱ्यांनी करायचा तर चित दरवाजापासून सतराशेहून अधिक पायऱ्या आहेत, महादरवाजातून आत जायला साधारण दीड-दोन तास लागतात. हिरकणीवाडीतून रोपवेने गेलं तर चार मिनिटं. हा रोपवे 1996 मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे 750 मीटर आणि चढ चारशे मीटरच्या वर, म्हणजे पुढे जाणं आणि वर जाणं यांचं प्रमाण दोनाला एकपेक्षाही उभं. रेल्वेचा 37 ला 1 आठवला की दोरखंडाची करामत लक्षात येते. इथे चाकाच्या घर्षणावर काही अवलंबून नाही, डबा दोराने ओढला जातो.

ओढणारं यंत्र मात्र वाटतं तेवढं मोठं नसतं. रायगडावरचा रोपवे ये-जा पद्धतीचा आहे. एका बाजूचे डबे वर जात असताना दुसऱ्या बाजूचे खाली येत असतात आणि दोघेही एकाच ओढदोराला बांधलेले असतात. विहिरीच्या रहाटावर दोन टोकांना दोन घागरी बांधल्या तर उतरणारी घागर चढणारीला हात देते, तसंच. दोन्हीकडची माणसं सारखी असतील तर मोटारीला फक्त घर्षण आणि दोराचं ओझं सांभाळायचं असतं. सगळी गर्दी वर जाणारी आणि खाली येणारं कोणी नाही, अशा सकाळी तिच्यावर सर्वांत जास्त भार येतो. संध्याकाळी उलट होतं. गच्च भरलेला डबा उतरत असतो, वर जाणारा रिकामा, आणि यंत्राचं काम ओढण्याऐवजी रोखून धरण्याचं होतं.

अशा रोपवेत डबा ज्याच्यावर सरकतो तो जाड दोर वेगळा आणि ओढणारा बारीक दोर वेगळा असतो. उन्हाने पोलाद लांबतं, डबा भरला की दोराला झोळ पडतो. हा झोळ ठरावीक ठेवण्यासाठी एका टोकाला प्रचंड वजन टांगलेलं किंवा तसाच ताण देणारं यंत्र बसवलेलं असतं. वाऱ्यापुढे मात्र इलाज नाही. डबा आडवा झुलू लागला की यंत्र थांबवावंच लागतं. विजा चमकत असतानाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर वारा भरपूर. त्यामुळे पावसाळ्यात रायगडला जाताना रोपवे चालू असेलच असं गृहीत धरून निघू नये. आणि पायऱ्यांचा मार्ग आहेच म्हणावं, तर 2024 च्या जुलैत मुसळधार पावसात त्याच पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले आणि गड पर्यटकांसाठी बंद करावा लागला. पावसाने डोंगर बंद केला की तो दोन्ही वाटांनी बंद होतो.

रोपवेचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत असावं, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून घरी तान्हं असलेली हिरकणी गवळण कडा उतरून गेली, अशी आख्यायिका. तिच्या नावाचा बुरूज वर आहे आणि वाडी खाली. गोष्ट खरी की रचलेली यावर वाद घालण्यापेक्षा तिच्यातला व्यवहार लक्षात घ्यावा. गडाचे दरवाजे वेळेला बंद होतात. आता शेवटची ट्रॉली वेळेला सुटते.

उपनगरातून रायगडला जायचे मार्ग दोन. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी स्थानकातून किंवा ठाण्याहून कोकणात जाणारी एसटी धरून महाड, आणि महाडहून पाचाडकडची एसटी किंवा शेअरिंगची गाडी, सुमारे 25 किलोमीटर. दुसरा मार्ग कोकण रेल्वेचा. रोहा ते वीर हा तिच्या सुरुवातीच्या टप्प्यांपैकी एक, जून 1993 चा. वीर हे महाडला जवळचं स्टेशन. मुलुंड-घाटकोपरकरांनी स्लो लोकलने दिवा गाठावं, तिथून सावंतवाडीची गाडी माणगाव आणि वीरला थांबते. 2024 च्या ऑगस्टपासून पश्चिम उपनगरातूनही मडगावला थेट गाडी आली, पण ती आठवड्यातून दोनदाच, तेव्हा रविवारच्या सहलीला तिचा भरवसा धरता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इथे लिहीत नाही. ज्याला कंबर आहे त्याला तो माहीत आहे.

एसटीचं एक गणित कुटुंबांनी जरूर करावं. 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटी फुकट आहे आणि 2023 च्या मार्चपासून सगळ्या बायकांना अर्ध्या तिकिटात. चार-पाच दिवस हातात असतील तर ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. म्हणजे आई, आजी आणि दोन बहिणी असं घर निघालं तर बोरिवली ते महाड प्रवास मोटारीच्या टोलपेट्रोलच्या मानाने किरकोळ पडतो. आजी पायऱ्या चढू शकत नाही, रोपवे तिला वर नेतो, आणि तिला होळीचा माळ, जगदीश्वराचं देऊळ, महाराजांची समाधी बघता येते. गडाची मजा पायीच, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे गुडघे शाबूत असतात. माझ्या मते चांगला बेत असा की घरातल्या तरुणांनी चित दरवाजाने चढावं, म्हाताऱ्यांनी रोपवेने, आणि दोघांनी माथ्यावर भेटावं. 6 जूनच्या आसपास, शिवराज्याभिषेक दिनाच्या गर्दीत, हा बेत करू नये. 2025 च्या जुलैत युनेस्कोने रायगडासह बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे गर्दी आणखी वाढणार हे धरून चालावं.

तिसरी तऱ्हा वणीच्या सप्तशृंगी गडावर. तिथे 2018 पासून दोराने ओढली जाणारी रुळांवरची ट्रॉली आहे. दोन डबे, एक वर, एक खाली, आणि मधोमध रूळ दुभंगून दोघांना एकमेकांच्या बाजूने जाऊ देतात. ती देवळापर्यंतच्या शेवटच्या पायऱ्या वाचवते. मुख्य उंची चढवतो तो नांदुरीचा घाट, आणि तो एसटीचा. नवरात्रात आणि चैत्राच्या यात्रेत खासगी गाड्या नांदुरीला अडवून फक्त एसटी वर सोडतात. हजारो माणसं अशी वर पोहोचतात आणि गाड्यांची कोंडी टळते. म्हणजे डोंगरावर सार्वजनिक वाहतूक चालवता येत नाही असं नाही, ती चालवायची असं ठरवल्यावर आपल्याकडे उत्तम चालते. शिखराच्या अगदी माथ्यावर मात्र ध्वज लावणारा मानकरीच जातो. चालायची हौस असेल त्यांनी समोरचा मार्कंड्या डोंगर करावा.

परदेशात हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. फ्रान्समधल्या शामोनीहून 1955 पासून दोरवाट माणसाला 1035 मीटरवरून 3777 मीटरवर वीसेक मिनिटांत नेते. तिथे वर पोहोचल्यावर अनेकांचं डोकं दुखतं, कारण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. गुलमर्गच्या वरच्या टप्प्यालाही, चार हजार मीटरच्या जवळ, हाच अनुभव येतो. कळसूबाईला ही भीती नाही, 1646 मीटरवर हवा पुरेशी दाट असते. तिथे दम लागतो तो चढाने. आपण शिकण्यासारखी खरी गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये आहे आणि ती दोराची नाही. 1982 पासून तिथे सगळ्या देशाचं वेळापत्रक एकात एक गुंफलेलं आहे. गाडी स्टेशनात येते तेव्हा डोंगराकडची बस बाहेर उभी असते, आणि बस पोहोचते तेव्हा रोपवे. प्रवासी एका वाहनातून उतरून दुसऱ्यात बसतो.

आपल्याकडे हा सांधा जुळवायचं काम प्रवाशावर आहे, म्हणून तो परतीपासून जुळवावा. आधी शेवटची लोकल किंवा गाडी कुठली, मग तिला जोडणारी शेवटची एसटी, मग शेवटची ट्रॉली, आणि त्यातून माथा किती वाजता सोडायचा ते ठरवावं. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक दिवसभर गाड्यांचा खोळंबा करतो, तोही यात धरावा. एसटीची वेळ मोबाइलवर बघण्यापेक्षा बारीत किंवा पाचाडला उतरतानाच कंडक्टरला विचारावी. हा माणूस किंवा याचा जोडीदारच ती गाडी परत आणणार असतो. आणि इगतपुरीहून मेल-एक्स्प्रेसने परतणार असाल तर लोकलचं परतीचं तिकीट किंवा पास त्यात चालत नाही, तिथल्या खिडकीवर वेगळं तिकीट काढावं लागतं.

केंद्राने 2022 च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला ही योजना जाहीर केल्यापासून प्रत्येक डोंगरावर रोपवेची मागणी येऊ लागली आहे. रोपवे निकामी झाला तर काय होतं, हे त्याच वर्षी एप्रिलमध्ये झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर दिसलं. माणसं चाळीस तासांहून अधिक काळ डब्यांत लटकत राहिली, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना काढलं, तिघांचा जीव गेला. म्हणून रोपवे नकोत असं नाही. देवस्थानं आणि रायगडासारखी ठिकाणं, जिथे म्हातारी माणसं जातात, तिथे ते हवेतच. कळसूबाईला मात्र माझ्या मते पहिली गरज दोराची नाही. तिथला डोंगर लोक आनंदाने चढतात, अडतात ते घोटीच्या स्टँडवर. शनिवार-रविवारी सकाळच्या लोकलला जोडून कसारा-बारी अशी एक एसटी आणि दुपारी चारला तीच परत, एवढं महामंडळाने सुरू करावं. मुलुंड ते बोरिवलीपर्यंतचे गिर्यारोहक ती भरून देतील.